गर्दी जमली, गिऱ्हाईक कोण?

पत्र, थोडक्यात:

काका, मी २६ वर्षांचा, विश्रामबागेत राहतो. इंजिनिअरिंग सांगलीतच केलं, आता पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो. मी आणि दोन मित्रांनी मोबाईलवर मेंढीकोट हा पत्त्यांचा खेळ तयार केलाय. टेबल लावायचं, लिंक व्हॉट्सॲपवर टाकायची, चौघं चार गावांतून खेळतात. जाहिरात न करता ९,००० डाउनलोड झाले. रोज ४०० च्या आसपास लोक खेळतात, रविवारी ११००. महिन्यातून एकदा तरी खेळणारे अडीच हजार. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) कोइमतूर, केरळमधून रात्री दुकान बंद झाल्यावर गावाकडच्या माणसांशी खेळतात. सर्व्हरचे महिन्याचे ६,००० रुपये आम्ही तिघं खिशातून भरतो. पुण्यातले एक गृहस्थ २५ लाख द्यायला तयार आहेत. ३० टक्के हिस्सा मागतात. त्यांच्या अटी म्हणजे चिप्स विकायच्या, 'पुढं बघून' पैशाचं टेबल आणायचं आणि मी नोकरी सोडायची. वडिलांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. ते म्हणतात, 'पत्त्यांत घरं बुडालेली बघितलीत, पत्त्यांवर मोठं झालेलं कोण दाखव. आणि पैसा देणार कोण ते सांग.' मी काय करू?
– एक भिडू, विश्रामबाग

भिडू,

नोकरी सोडू नकोस आणि हे २५ लाख घेऊ नकोस. गेम मात्र चालू ठेव, कारण तुझ्या पत्रात एक ओळ अशी आहे की तिच्यावर धंदा उभा राहू शकतो. ती तू सहज लिहून पुढं गेलायस. तिच्याकडं येतो, आधी त्या गृहस्थांचं बघू.

पैशाचं टेबल हा विषय कायद्यानंच संपवलाय. ऑनलाइन गेमिंगचा कायदा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचा कुठलाही ऑनलाइन खेळ चालवायला त्यात बंदी आहे. आधी 'हा कौशल्याचा खेळ, तो नशिबाचा' असा वाद घालून कोर्टात टिकाव धरता यायचा, ती फटही बुजवली आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणारासुद्धा सुटत नाही, आणि बँकांना असे व्यवहार पुढं न्यायला मनाई आहे. ड्रीम ११ सारख्या बड्या कंपनीनं त्याच आठवड्यात पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. हे सगळं पेपरात आल्यावरही कुणी तुला 'पुढं बघून' म्हणत असेल, तर दोनच शक्यता: एक तर त्याला माहीत नाही, नाहीतर माहीत आहे आणि सही तुझी असणार आहे.

चिप्सचं प्रकरण थोडं वेगळं. विकत घेतलेल्या चिप्स डावावर लावायच्या, जास्त जिंकायच्या, पण रोख परत मिळायची नाही, असं बरेच गेम करत आलेत. नव्या कायद्यात पैसे मोजून घेतलेली नाणी आणि टोकनंसुद्धा 'डावावर लावलेली वस्तू' या व्याख्येत आली आहेत. त्यामुळं तुझी रचना कुठल्या बाजूला पडते हे वकिलाला कागद दाखवूनच ठरव. वर्गणी किंवा एकदाच घेतलेली प्रवेश फी या कायद्यात चालते, फक्त ती डावावर लागता कामा नये. हे लक्षात ठेव, खाली कामाला येईल.

समजा वकिलानं चिप्सना हिरवा कंदील दाखवला. तरी माझा विरोध आहे, आणि तो आकड्यांतून आलाय. तुझ्याकडं महिन्याला अडीच हजार माणसं. फुकट गेममध्ये पैसे मोजणारे शंभरात दोन निघाले तर ५० जण. तुम्हा तिघांना महिन्याला ४०-४० हजार हवेत असं धर. ही सव्वा लाखाची गरज, सर्व्हर धरून १,२६,०००. प्ले स्टोअर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के कापतं, म्हणजे गल्ला दीड लाखाच्या आसपास व्हायला हवा. ५० जणांत वाटला तर माणशी ३,००० रुपये, दर महिन्याला, मेंढीकोटवर. आणि ही सरासरी झाली. प्रत्यक्षात चाळीसेक जण शंभर-दोनशे टाकतील आणि उरलेला बोजा सात-आठ जणांवर येईल. त्यातला एखादा ४०,००० टाकत असेल.

तो एकटा कोण असतो, हे मी जवळून बघितलंय. २०१० च्या आगेमागे मी बंगळुरूला सोशल गेम करणाऱ्या एका कंपनीत होतो. शेती करा, शेजाऱ्याच्या रानाला पाणी घाला, असले गेम. सकाळी दहाला आकड्यांची मीटिंग असायची. काल किती आले, परवाचे किती परतले, किती जणांनी पहिल्यांदा पैसे टाकले. सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्याला या धंद्यात 'व्हेल' म्हणतात. आम्हाला वाटायचं, हे कोणीतरी गडगंज लोक असणार. तक्रारींच्या मेलमधून कळलं की तसं काही नाही. रात्रपाळीतली माणसं होती, घरात एकट्या पडलेल्या बायका होत्या, आजारपणात अंथरुणावर असलेले होते. त्यांच्याकडं वेळ होता आणि दुसरीकडं जायला जागा नव्हती. पीक किती तासांत वाळावं, 'शेजाऱ्यानं मदत मागितली' हा निरोप कधी जावा, सुटायला लागलेल्या माणसाला कुठल्या दिवशी फुकट भेट पाठवावी, हे सगळं अशाच माणसाला डोळ्यापुढं ठेवून ठरायचं. मीटिंगमध्ये दुष्ट कोणी नव्हतं. हुशार, घरी पैसे पाठवणारी पोरं होती सगळी. आकडा वर गेला की टाळ्या वाजवायची.

हे त्या एका कंपनीपुरतंही नव्हतं. फार्मव्हिल हा फेसबुकवरचा शेतीचा गेम करणाऱ्या झिंगा कंपनीनं शेअर बाजारात येताना दिलेल्या कागदपत्रांत स्वतःच लिहिलं होतं की आमचं जवळपास सगळं उत्पन्न खेळाडूंच्या एका छोट्या हिश्श्याकडून येतं. चिप्सचा धंदा धरलास की तुझा गेम हळूहळू त्या हिश्श्यासाठी बदलत जातो. गलाईवाला आणि त्याची गावाकडची आई खेळतायत, त्यांच्यासाठी तो राहत नाही.

झिंगाचा विषय निघालाच आहे तर बाकीचंही सांगतो, कारण तुझ्या पिढीला ते दिवस आठवत नसतील. फार्मव्हिल जून २००९ मध्ये फेसबुकवर आलं आणि महिन्याभरात घरोघरी लोक गाजरं लावायला लागले. गेम पसरला तो फेसबुकच्या भिंतीवर पडणाऱ्या 'मला एक गाय सापडली' छापाच्या निरोपांतून. लोक वैतागले, २०१० मध्ये फेसबुकनं ते निरोप आवळले. मग २०११ मध्ये गेममधली खरेदी फेसबुक क्रेडिट्समधूनच व्हायला हवी असा नियम आला, आणि त्यातले ३० टक्के फेसबुकचे. त्या वर्षी फेसबुकच्या एकूण उत्पन्नातला १२ टक्के वाटा झिंगाकडून आला होता. एवढं मोठं गिऱ्हाईक असूनही झिंगाला ते ३० टक्के द्यावेच लागले. डिसेंबर २०११ मध्ये १० डॉलरनं विकलेला शेअर पुढच्या उन्हाळ्यात ३ डॉलरच्या खाली आला. मधल्या काळात त्यांनी 'ड्रॉ समथिंग' हा गाजत असलेला चित्रांचा गेम कंपनीसकट घेतला, सुमारे १८ कोटी डॉलर मोजून. मार्च २०१२ मध्ये. महिन्याभरात खेळणारे घटायला लागले आणि जून २०१३ मध्ये त्या कंपनीचं ऑफिस बंद. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की झिंगा बुडाली नाही. मोबाईलकडं वळली, आणि २०२२ मध्ये टेक-टू नावाच्या कंपनीनं तिला जवळपास १,२७० कोटी डॉलरला विकत घेतलं. फार्मव्हिल मात्र ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं.

तुझं फेसबुक म्हणजे व्हॉट्सॲप. आज लिंक फुकट फिरते. उद्या त्यांनी लिंकांवर काही बंधन घातलं तर तुझ्या गलाईवाल्यांपर्यंत पोचायचा तुझ्याकडं दुसरा रस्ता आहे का? नंबर घे, पण विचारून घे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा संमती मागतो, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची संमती मागतो. मेंढीकोट सुट्टीत पोरं खेळणारच, म्हणून हे आत्ताच नीट करून ठेव.

जाहिरातींबद्दल तू विचारलं नाहीस, पण कोणीतरी सुचवेलच. रोज ४०० माणसं, माणशी दहा जाहिराती, म्हणजे ४,०००. हजाराला ४० रुपये मिळाले असं धरलं तर दिवसाला १६० आणि महिन्याला ४,८००. सर्व्हरसुद्धा निघत नाही. लुडो किंगचं उदाहरण सगळे देतात. नवी मुंबईतल्या कंपनीचा गेम, २०१६ मध्ये आलेला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरांत पोचला. जाहिरातींवर तो चालला, कारण खेळणारे कोटींत होते. लुडो देशभर एकाच पद्धतीनं खेळतात. मेंढीकोट विंध्य ओलांडून किती जाईल, तूच सांग. आणि 'बंद हुकूम' लपवलेला असताना मध्येच साबणाची जाहिरात आली तर माझ्यासारखा माणूस फोन फेकून देईल.

आता वडील. पत्त्यांवर मोठं झालेलं कोण, याचं उत्तर त्यांना दे: निन्टेंडो. १८८९ मध्ये जपानच्या क्योटोत हातानं रंगवलेले पत्ते बनवत ती सुरू झाली. तेवढंच समाधान. पण 'पैसा देणार कोण' हा प्रश्न त्या पुण्यातल्या गृहस्थांच्या सगळ्या अटींपेक्षा जास्त शहाणा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला तुला लांब जायला नको. एक दिवस सौद्याच्या वेळी दुकानात जाऊन बस, लॅपटॉप न घेता.

अडत्या हळद पिकवत नाही, खातही नाही. शेतकरी आणि खरेदीदार यांना तो एका ओट्यावर आणतो. तुझी पिढी याला प्लॅटफॉर्म म्हणते. पण त्याला अडत मिळते ती नुसत्या भेट घालून देण्याची नाही. खरेदीदाराचे पैसे सावकाश येतात, शेतकऱ्याला पट्टी (मालाचे पैसे) वेळेवर हवी असते, आणि मधला तो काळ अडत्या स्वतःच्या अंगावर घेतो. पेरणीला उचल देतो. कोणाचा माल ओला असतो, कोणाचा वाळवून येतो, कोणता खरेदीदार पैसे लांबवतो हे त्याच्या डोक्यात असतं. म्हणून दर चार आण्यांनी इकडंतिकडं असला तरी शेतकरी त्याच दुकानात पोती उतरवतो. शेतमालाच्या बाजारांची कितीतरी ॲप आली. बऱ्याचजणांनी ओटा ऑनलाइन नेला, ती उधारी आणि ती ओळख नेणारे थोडेच. वडिलांना विचार, यार्डातला कोणता माणूस कशाचे पैसे देतो आणि का देतो. तासाभरात तुला जे कळेल ते त्या गुंतवणूकदाराच्या पन्नास स्लाइडमध्ये नसेल.

तोच प्रश्न घेऊन आता तुझ्या गेमकडं बघ. मेंढीकोटला चौघं लागतात. तिघं जमले की डाव नाही. लुडोला अनोळखी माणूस चालतो, इथं भिडू माहितीतला हवा, कारण तो केव्हा दहिला (दहाचं पान) मारतो, केव्हा हुकूम राखतो हे वर्षानुवर्षांचं गणित असतं आणि त्याच्यावर ओरडायचा हक्कही हवा असतो. म्हणजे तुझ्याकडचा माल खेळाडू नाही, टेबल आहे. आणि प्रत्येक टेबलामागं एक माणूस असतो, जो इतर तिघांना रात्री नऊला 'या रे' म्हणून हाका मारतो. कोइमतूरचा गलाईवाला बघ. दिवसभर भट्टीपुढं सोनं-चांदी गाळायची, भोवती सगळं तमिळ, आणि रात्री अर्धा तास विट्याच्या घरात बसल्यासारखं बोलायचं. त्याला पत्ते हवेत असं नाही, घर हवंय. तो व्यापारी माणूस आहे, चांगल्या वस्तूला पैसे मोजायला त्याला कोणी शिकवायला नको. तुझ्या पत्रातली मी म्हटलेली ओळ ती ही.

म्हणून वर्गणी घे, आणि ती टेबल लावणाऱ्याकडून घे. बाकीच्या तिघांना फुकट. वर्षाला ४९९ ठेव. त्यात त्याला कायमचं टेबल दे, त्याच्या घरच्या नियमांसकट. हुकूम ठरवताना कोणाकडं कट हुकूम खेळतात, कोणाकडं बंद हुकूम, त्यावरून भांडणं होतात, ती सेटिंग त्याच्या हातात दे. आवाजाचं बोलणं दे, वर्षभराचा हिशेब दे की कोणावर किती वेळा कोट चढला, म्हणजे चारही दहिले गेले. यातलं काहीही डावावर लागत नाही.

यातून किती मिळेल? खोटी आशा दाखवत नाही. ३०० टेबलं लागली तर प्ले स्टोअरचे १५ टक्के जाऊन वर्षाला १,२७,००० राहतात. सर्व्हरचे ७२,००० गेले, उरले ५५,०००. तिघांत वाटले तर दिवाळीचा बोनस. तिघांचे पगार निघायला साडेतीन हजार टेबलं लागतील. ती लागणारच नाहीत असं मी म्हणत नाही. देशभर पसरलेले गलाईवाले आहेत, आखातात आणि अमेरिकेत मराठी मंडळं आहेत, मुलं परदेशी असलेले इथले निवृत्त मास्तर आहेत. पण आज त्यातलं एकही टेबल पैसे देणारं नाही. पहिली शंभर विकून बघेपर्यंत २५ लाखांचं तू करणार काय? नोकर ठेवशील, जाहिराती करशील, आणि ज्यांना मेंढीकोटशी देणंघेणं नाही असे वीस हजार लोक डाउनलोड करून दुसऱ्या दिवशी काढून टाकतील.

डाउनलोडचा आकडा मित्रांत सांगायला ठीक आहे. तू एक वेगळा आकडा काढ: चौघांतले किमान तिघं तेच असलेली किती टेबलं लागोपाठ चार आठवडे लागली? तुझ्या डेटाबेसमध्ये तो पडलेलाच आहे. ती दीडशे निघाली तर त्या दीडशे टेबल लावणाऱ्यांना स्वतः फोन कर. मेल नको, फॉर्म नको. आणि 'पैसे द्याल का' असंही विचारू नकोस, कारण सांगलीत त्याला सगळे 'बघू की' म्हणतात. थेट क्यूआर पाठव. निम्म्यांनी भरले तर मला परत लिही, मग गुंतवणुकीचं बोलू, आणि तेव्हा भाव तू सांगशील.

भावावरून आठवलं. २५ लाखांना ३० टक्के म्हणजे त्या गृहस्थांनी पैशासकट तुमच्या सगळ्या कामाची किंमत ८३ लाख केली. पहिल्याच वेळी तीस टक्के गेले की पुढं खऱ्या गरजेच्या वेळी द्यायला हातात फार उरत नाही.

तिघा मित्रांतलं काही लिहून ठेवलंय का? तुझ्या पत्रावरून वाटतं, नाही. ज्याच्या वाट्याचा हिस्सा आहे तो चार वर्षांत थोडाथोडा त्याच्या नावावर व्हावा, पहिल्या वर्षात सोडून गेला तर काही नाही, अशी पद्धत सगळीकडं चालते. मैत्री आहे तोवरच हा कागद करता येतो. आणि तुझ्या पुण्याच्या कंपनीचं नेमणूकपत्र काढून वाच. नोकरीत असताना लिहिलेलं सगळं सॉफ्टवेअर आमचं, असं कलम बऱ्याच पत्रांत असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर यातली एक ओळ जरी लिहिली असलीस तरी आजपासून थांब, आणि कंपनीकडून लेखी परवानगी घे. ही गोष्ट गुंतवणूकदारापेक्षा आधी कर.

तुझा गेम मी उतरवून खेळलो. पत्ते वाटणं छान जमलंय, आवाजही. पण पान टाकायला १५ सेकंद देतोस, ते फार कमी आहेत. माझ्या टेबलावरच्या आजींना चष्मा लावून हुकूम शोधायला त्याहून जास्त लागतात, आणि वेळ संपली की तुझं मशीन त्यांच्या वतीनं दहिला टाकून मोकळं होतं. त्यावरून आमच्याकडं बरंच काही बोलून झालं. वेळ टेबल लावणाऱ्याला ठरवू दे, पंचेचाळीस सेकंदांपर्यंत. आणि मशीननं पान टाकायचंच असेल तर सगळ्यात लहान पान टाकावं.